तीनदा पुकारलेलं मयत

वडूजच्या बाजारात कुणाला विचारलं, धावडमाळ कुठं आलं, तर माणूस एकाच दिशेला हात करून थांबत नाही. कारण गाव एका जागी नाहीच. मधे मारुतीचं देऊळ, शाळा, ग्रामपंचायत आणि चार आळ्या. बाकीचं गाव मळ्यामळ्यांतून आणि माळावरून सांडलेलं. ओढ्यापलीकडं खडकी वस्ती, टेकाच्या अंगाला दुसरी, आणि त्याच्याही पुढं एक अशी वस्ती की तिथल्या कोंबड्याचं आरवणं गावात पोचेस्तोवर दुपार होते, असं लोक म्हणत. अशा गावात सगळ्यांना एकदम काही सांगायचं म्हणजे पूर्वी एखाद्याच्या पायांचे तुकडे पडायचे. ते पाय बहुतेक वेळा महेंद्रच्या आज्याचे असत.

आज्याचं नाव धोंडीबा. गावात कुणी मेलं की काठी घेऊन निघायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून "अमका गेला" म्हणायचं आणि पुढच्या वाटेला लागायचं, हे त्याच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरी येऊन त्यानं ती काठी चुलीत घातली. "आता दुसऱ्याचं मरान आमच्या पायानं चालनार न्हाई," एवढंच बोलला. त्यानंतर गावानं आपली मरणं आपली आपण सांगितली. नीट सांगितली नाहीत, ती गोष्ट वेगळी.

पुढं ग्रामपंचायतीनं भोंगे बसवले. देवळाच्या शिखराशेजारी एक, कचेरीवर एक, पाण्याच्या टाकीवर एक, आणि वस्तीवस्तीला खांब रोवून एकेक. कचेरीच्या खोलीत कॉम्प्युटर, त्याला जोडलेला माईक, आणि माईकपुढं बोलायला शिपाई म्हणून महेंद्र. गावाला पाणी सोडायचं, घरपट्टीची बिलं वाटायची, कचेरी झाडायची आणि पुकारायचं, एवढी कामं एका माणसाकडं. त्याची आई मुक्ताबाई पहिल्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "आज्यानं टाकलेलं काम नातवानं उचाललं म्हनायचं."

"आये, त्यो चालत जायाचा, मी खुर्चीत बसून बोलतोय. आनि पगार हाय. नुसती मरनं न्हाईत. रेशन, पानी, पोलिओचा डोस, समदं सांगायचं. कॉम्प्युटरवर मिक्सर असतोय, त्यातनं आवाज कमीजास्त करायचा."

"मिक्सर? मग चटनी बी वाटून आन."

महेंद्रचा आवाज मोठा नव्हता, पण भरलेला होता. बोलण्यात त्याचा जीव असायचा. कुणाची शेळी हरवली तर "रंगानं तांबडी, डाव्या कानाला चीर, चालताना मागं बघत चालते, स्वभाव तापट" असं काही तो सांगायचा, की संध्याकाळपर्यंत कचेरीपुढं तीन शेळ्या बांधलेल्या असायच्या आणि खरी शेळी आपल्याच गोठ्यात रवंथ करत बसलेली असायची. माणसं हसायची, पण भोंगा वाजला की हातातलं काम थांबवून ऐकायची.

मयताची बातमी मात्र भोंग्याशिवाय कुणी कुणाला सांगत नसे. त्याचं कारण असं, की मोबाईल आले तेव्हा माणसं फोन करायला लागली, आणि ज्याला फोन आला नाही तो रुसायला लागला. "त्याला सांगितलं, आमी काय मेलो हुतो का?" एका तेराव्याला तर जेवणाच्या पंगतीतून उठून माणसं गेली. मग गावानं बसून ठरवलं. पाहुण्यारावळ्यांना फोन करा, पण गावात फोन नाही, मेसेज नाही. भोंग्यावर पुकारलं की ते सगळ्या गावाला सांगितलं. पुकारलं आणि आला नाही, तर त्यानं मुद्दाम टाळलं असं धरायचं.

दुसरी रीत सुभेदारांनी लावली. लालासाहेब सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आलेले, करड्या मिशीचे, चपलेचा अंगठाही पॉलिश करणारे. त्यांचे थोरले बंधू वारले तेव्हा महेंद्रनं नेहमीसारखी आधी धून वाजवली, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" केलं आणि मग बातमी सांगितली. सुभेदार दिवस झाल्यावर कचेरीत आले.

"महेंद्र, माझा भाऊ गेला हुता का माझ्या दारात वरात हुती?"

"काय झालं, सुभेदार?"

"माणूस मेलेलं सांगताना हॅलो हॅलो करतोस? आईबापाच्या मयतावर माईक तपासत्यात व्हय रं?"

गावाला ते पटलं. तेव्हापासून मयत असेल तर आधीची धून नाही, हॅलो नाही. सरळ "दुःखद बातमी" म्हणून सुरुवात, आणि तीनदा सांगायचं. महेंद्रलाही ते बरं वाटलं. त्यात एक अदब होती.

आता राहिलं मशीनचं. कचेरीला लागून शाळा, आणि कचेरीवरचा भोंगा माईकच्या जवळ असल्यानं शिट्टी मारायचा. म्हणून त्याची वायर काढून टाकलेली. दारं-खिडक्या लावून महेंद्र बोलायचा. सगळ्या गावाला त्याचा आवाज ऐकू यायचा, एका त्याला सोडून. आणि कॉम्प्युटरला एक खोड होती. पडद्यावर मिक्सर उघडला की ओळीनं उभ्या पट्ट्या दिसत: एक धुनेची, एक भोंग्यांची, एक माईकची. पट्टीवरचं बटण वर सरकवलं की आवाज वाढायचा. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की बाकीची बटणं आपापल्या जागी असायची, माईकचं तेवढं तळाला बसलेलं. साताऱ्याहून बसवायला आलेल्या शिवतेजला महेंद्रनं फोनवर विचारलं.

"प्रोग्राममधीच हाय ते, काका," तो म्हणाला. "बाकीचं समदं ध्यानात ठेवतंय, माईकचं तेवढं इसरतंय. अपडेट आलं की जाईल. तवर हातानं वर करा."

अपडेट काही आलं नाही. महेंद्र सकाळी मशीन सुरू केलं की आधी ते बटण वर सरकवायचा आणि मग झाडू हातात घ्यायचा. देवळात गेल्यावर माणसाचा हात आपोआप घंटेला जातो, तसं ते झालेलं.

खडकी वस्तीवर ज्योतिबाचं घर. त्याची आई शालूबाई मेढ्याकडच्या डोंगरातली. "पावसातनं उठवून मला पावसाची वाट बघायला आनून बसवलं," असं ती सासरबद्दल म्हणायची. चालती होती तोवर ती बाजारच्या दिवशी कचेरीच्या पायरीवर टेकायची आणि महेंद्रच्या पुकारण्याची चिकित्सा करायची.

"परवा त्या म्हाताऱ्याचं सांगितलंस, घाई लय केलीस. माझं सांगताना दमानं सांग. आनि म्हायेर सांग. नुसतं खडकीची म्हनू नगंस. मेढ्याच्या अंगाची लेक म्हन."

"काकी, अजून लय वर्सं हायती."

"ते मी बघती. तू ध्यानात ठेव."

गेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ज्योतिबाचा मुलगा ऋषिराज उभा राहिला आणि पडला. पडला तो पडला, पण जाता जाता चावडीपुढं उपसरपंच जयराजशी त्याची जुंपली. जयराज तसा वाईट माणूस नव्हे, पण अंगात विजय शिरला होता. सगळ्यांपुढं ज्योतिबाला म्हणाला, "नाना, लेकाला आवरा. न्हाईतर तुमच्या आईच्या तिरडीला चार खांदं मिळायचं न्हाईत."  ज्योतिबानं टोपी झटकली, पुन्हा घातली आणि घरी गेला. नंतर रस्त्याच्या कामात खडकीच्या भोंग्याची वायर तुटली, ती तुटलेलीच राहिली. कोणी म्हणालं निधी नाही, कोणी काही म्हणालं. खडकीचे लोक काय समजायचं ते समजले. त्यांची सात घरं. बातमी ऐकायची तर गावात यावं लागे.

दिवाळीत शालूबाई अंगणात पडली आणि अंथरुणाला खिळली. चैत्रातल्या एका सकाळी ती गेली.

ऋषिराज मोटरसायकलवर कचेरीत आला. डोळे सुजलेले. "महेंद्रकाका, आजी गेली. दुपारी न्यायचं. पुकारा."

महेंद्रनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सकाळी आल्या आल्या त्यानं मशीन सुरू केलं होतं, बटण वर केलं होतं. नंतर, ऋषिराज यायच्या आधी, तो टाकीकडं पाणी सोडायला गेला होता, आणि तेवढ्यात लाईट डोळा मिटून उघडावा तशी जाऊन आली. लाईट गेल्यावर मशीन चालू ठेवणारी बॅटरी कधीचीच मेलेली. कॉम्प्युटर बंद पडून आपला आपण पुन्हा उठून बसला. महेंद्र परतला तेव्हा पडदा उजळलेला, हिरवा दिवा लागलेला, सगळं जिथल्या तिथं. आता त्यानं दार लावलं, खिडकी लावली, माईकची कळ दाबली. धून लावली नाही. हॅलो म्हटलं नाही.

"दुःखद बातमी. खडकी वस्तीवरील ज्योतिबा यांच्या मातोश्री, मेढ्याच्या अंगाची लेक, शालूबाई यांचं आज सकाळी निधन झालं आहे. अंत्यविधी दुपारी खडकीच्या ओढ्यावर होईल."

दमानं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगण्याआधी तो जरा थांबला. म्हातारीनं आता नाव ठेवलं नसतं, असं त्याला वाटलं. मग त्यानं कळ बंद केली, वरच्या आळीचं पाणी सोडलं आणि खडकीची वाट धरली.

अंगणात तिरडी बांधून तयार होती. मेढ्याहून जीपभर पाहुणे आले होते. वस्तीतलं गुंडाचं आणि बाकी शेजाऱ्यांचं घर रडणं ऐकून आलं होतं. गावातून कुणी नाही. ज्योतिबा बाभळीखाली उभा राहून गावाच्या वाटेकडं बघत होता. वाटेवर ऊन पडलेलं, त्यात काही हलत नव्हतं.

"सुगी सुरू हाय," गुंडा म्हणाला. "येतील. जरा दम धरू."

दम धरला. पाहुण्यांतला एक म्हातारा घड्याळ बघायला लागला. बायकांचं रडणं विझत आलं. ज्योतिबा महेंद्रजवळ आला आणि हळू आवाजात त्यानं विचारलं, "पुकारलंस न्हवं?"

"पुकारलं, नाना."

"नीट?"

"तीनदा. दारखिडकी लावून, दमानं. सगळ्या गावाला गेलं असंल."

यात खोटं काही नव्हतं. पण ज्योतिबाचा चेहरा त्या शब्दांनी जो बदलला, तो महेंद्रला पुढं किती दिवस दिसत राहिला. ज्योतिबा वाटेकडून वळला. "मग झालं," तो म्हणाला. "चला. कुनासाठी थांबायचं?"

ओढा लांब. मडकं धरून ज्योतिबा पुढं, खांद्याला ऋषिराज, गुंडा आणि दोन पाहुणे. अर्ध्या वाटेत एका पाहुण्याला धाप लागली आणि बदली करायला धडधाकट माणूस नव्हता. महेंद्र पुढं झाला. मेढ्याचा म्हातारा त्याच्याकडं आणि ज्योतिबाकडं बघायला लागला. ज्योतिबा मागं न बघताच म्हणाला, "घे रं, महेंद्र." महेंद्रनं खांदा दिला. म्हातारी वजनाला काहीच राहिली नव्हती.

परतताना देवळापाशी सुभेदार पारावर पेपर वाचत बसले होते.

"ह्या उन्हाचा कुनीकडनं?"

"मयतावरनं. तुमी आला न्हाई सुभेदार?"

"कुनाच्या मयताला?"

महेंद्रला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय. "शालूकाकीच्या. सकाळी पुकारलं न्हवं का मी."

सुभेदारांनी पेपर खाली ठेवला. "गड्या, मी सकाळधरनं हितंच हाय. हा भोंगा माझ्या डोक्यावर हाय. ह्यातनं आज चिमनी सुदिक बोलली न्हाई."

महेंद्र कचेरीकडं पळाला. पडद्यावर तीन पट्ट्या. दोन बटणं वर, माईकचं तळाला. तो तसाच खुर्चीत बसला. बाहेर शाळा सुटली, पोरं ओरडत गेली, तरी तो उठला नाही.

दिवे लागायच्या आत तो खडकीला परत गेला. ज्योतिबा सोप्यात भिंतीला टेकून बसलेला.

"नाना, मशीननं दगा दिला. माझा आवाज गेलाच न्हाई."

"दुपारी तीनदा म्हनालास."

"म्हनालो. मला वाटलं गेला."

"आनि आता काय वाटतंय? का जयराजला काय वाटतंय ते सांगाया आलास?"

 येताना जयराज त्याला वाटेत भेटलाच होता. त्याचं तोंड उतरलेलं. "रागात बोललो हुतो रं मी तवा," तो म्हणत होता. "कुनाला ठावं असं हुईल. तू जाऊन सांग नानाला, माईक बंद हुता म्हनून. तूच सांग." खरं तेच सांगायचं होतं, पण ते आता जयराजच्या कामाचं झालं होतं.

"जा घरी," ज्योतिबा म्हणाला. "पगार घेनाऱ्याचा गळा पगार देनाऱ्याच्या हातात असतोय. तुला तरी काय बोलू?"

सावडायच्या दिवशी सगळं गाव खडकीला गेलं. पुढं सुभेदार, मागं जयराज, बाकीचे टोप्या हातात घेऊन. ज्योतिबानं पहाटेच पाहुण्यांबरोबर राख सावडून घेतली होती आणि वाटेवर बाभळीची काटेरी फांदी आडवी ओढून ठेवली होती. घरातून कुणी बाहेर आलं नाही. माणसं काट्यापाशी थांबली, थोडा वेळ घसे खाकरले आणि माघारी फिरली.

त्यानंतर महेंद्रला गावात चालणं जड झालं. पाण्याला गेला की खडकीच्या बायका एकमेकींना ऐकवत, "दाबलेलं मरान कुटं पचतंय?" कुणी देवळापाशी हसून विचारी, "महेंद्र, आमचं नाव असलं तर बटन वर कर बाबा, आमी पडलेलो न्हाई निवडनुकीत." घरी जेवण जाईना. मुक्ताबाई एकदा ताट उचलताना म्हणाली, "तोंडानं सांगून कोन इस्वास ठेवतंय? त्याला तितं न्हे. डोळ्यानं बघू दे. मग काय म्हनायचं ते म्हनू दे त्याला."

महेंद्र पुन्हा काट्यापाशी गेला. "नाना, मी आत येत न्हाई. तुमी येकदा कचेरीत या. बघा. मग मला तोंडावर चोर म्हना, मी ऐकून घीन."

ज्योतिबा दुसऱ्या दिवशी ऋषिराजला घेऊन आला. कचेरीत पाय ठेवला, पण खुर्चीत बसला नाही. महेंद्रनं ऋषिराजला देवळापाशी उभं केलं आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. हात मागं बांधून तो बाजूला उभा राहिला. "बघा नाना, मी हात लावला न्हाई." पडदा उजळला. दोन बटणं वर, एक तळाला. त्यानं कळ दाबली आणि माईकमध्ये बोलला. ऋषिराज देवळापासून आला आणि मान हलवून म्हणाला, "काय न्हाई."

"पुन्ना कर," ज्योतिबा म्हणाला.

पुन्हा केलं. पुन्हा काही नाही. मग महेंद्रनं बटण वर सरकवलं आणि नुसतं "देऊळ" एवढंच म्हणाला. बाहेर कावळे उडाले.

ज्योतिबा आता खुर्चीत बसला. बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला.

"त्या दिवशी काय काय बोलला हुतास?"

महेंद्रनं सांगितलं. मेढ्याच्या अंगाची लेक, हेही सांगितलं.

"तिनं सांगून ठेवलं हुतं तुला?"

"व्हय."

"तू खरा हायस," ज्योतिबा म्हणाला. "मी तुला वंगाळ बोललो." मग त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "भोंगा मुका हुता, मान्य. पन आई दिवाळीपास्नं हातरुनात हुती, महेंद्र. तू दोनदा आलास. गुंडा यायचा. बाकी गाव? आजारी मानसाला बघाया जा म्हनून भोंग्यावर सांगावं लागतंय का?"

ज्योतिबानं टोपी उचलून पुन्हा घातली.

"मला वाटलं, जयराजनं गाव अडवलं. कुनी अडवलं न्हवतं म्हन की. मग तर लयच वाईट." तो उठला. "आता माझं येक पुकार."

"काय, नाना?"

"दहावा मेढ्याला हाय, तिच्या म्हायेरी. सुभेदार गाड्या भरून येनार म्हनत्यात. गावानं येऊ नये, असं पुकार."

तेवढ्यात जयराज दारात आला. कुणीतरी त्याला सांगितलं असणार. त्यानं शेवटचं ऐकलं होतं. "नाना, झालं गेलं. आता सगळ्या गावाच्या तोंडात मारताय व्हय? महेंद्र, असलं पुकारायला ही कचेरी न्हाई. माईकला हात लावू नगंस."

ज्योतिबानं त्याच्याकडं बघितलंही नाही. तो महेंद्रकडं बघत होता. "उपसरपंचानं सांगितलं की गप बसायचं असंल, तर मघाशी मी तुला खरा म्हनालो ते माघारी घेतो."

 महेंद्रनं जयराजला म्हटलं, "जयराजदादा, मयताच्या घरचं सांगनं पुकारायचं, ही रीत गावानंच लावलीया." आणि दार लावायला गेला. जयराज आतच राहिला.

"विनंती म्हनू का?" महेंद्रनं ज्योतिबाला विचारलं.

"नगं. विनंती त्या दिवशी संपली."

बटण वर होतं. तरी महेंद्रनं त्याला पुन्हा हात लावून बघितलं. ऋषिराज देवळाकडं गेला.

"दुःखद बातमी. खडकी वस्तीवरील शालूबाई यांचा दहावा त्यांच्या माहेरी, मेढ्याकडं होणार आहे. धावडमाळच्या ग्रामस्थांनी तिकडं येऊ नये, असं घरच्यांचं सांगणं आहे."

तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना जयराज खिडकीकडं तोंड करून उभा होता.

दार उघडलं तेव्हा बाहेर माणसं जमली होती. नळाखालची घागर भरून वाहत होती आणि ती कुणी सरकवत नव्हतं. सुभेदार पारावरून उतरून उन्हात उभे राहिले होते. त्यांनी ज्योतिबाला हात जोडले. ज्योतिबानंही जोडले, परगावच्या अनोळखी माणसाला जोडावेत तसे, आणि मोटरसायकलच्या मागं बसला.

"ऐकू आलं का रं?" त्यानं ऋषिराजला विचारलं.

"आलं. समद्यास्नी आलं."

"मग चल."

मोटरसायकल ओढ्याकडं वळेपर्यंत माणसं तिथंच उभी होती. मग एकेक करून ती आपल्या वाटेला लागली.  महेंद्र आत गेला आणि त्यानं माईकची कळ बंद केली.